शेवडे खुलासा करत नाहीत

मुकुंद शेवडे एकदा आमच्या इमारतीच्या लिफ्टला म्हणाले, "सावकाश या हो, घाई काय आहे, आम्ही तरुणच आहोत." आणि ती लिफ्ट पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या मधे जी रुसून बसली, ती मेकॅनिकनं येऊन समजूत घालेपर्यंत हलली नाही. ज्याला हे खोटं वाटत असेल त्यानं सदाशिव पेठेत यावं आणि लिफ्टलाच विचारावं. शेवड्यांचं नाव काढलं की ती अजूनही एक गचका देते.

आमची कंपनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. खाली दातांचा दवाखाना, वर स्पर्धा परीक्षांचे क्लास. त्यामुळे खालून किंकाळ्या यायच्या आणि वरून चालू घडामोडी. मधे आम्ही. दवाखाने, क्लास आणि मांजरी गावाकडची गुऱ्हाळं यांना सॉफ्टवेअर करून द्यायचो. शेवडे तिथले सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर. मी मजकूर लिहायचो, म्हणजे माहितीपत्रकं, जाहिराती आणि 'हे बटण दाबू नये' छापाच्या सूचना. कंपनी काढली सोहमच्या वडिलांनी. ते गेल्यावर सोहम मालक झाला. पण शेवडे त्याला 'मालक' अशा काही सुरात म्हणायचे, की त्या बिचाऱ्याला आपण अर्ध्या चड्डीत उभे आहोत असं वाटायचं.

शेवड्यांच्या खिशाला कायम दोन पेनं. एक चालणारं, एक वाळलेलं. वाळलेलं लोकांना द्यायला. त्यांच्या स्कूटरला आरसा नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मागून येणाऱ्यानं मला बघायचं असतं, मी त्याला नाही." या तत्त्वावर त्यांनी पुण्यात आयुष्यभर स्कूटर चालवली आणि ते जिवंत राहिले. यावरून मागून येणारे किती सज्जन असतात ते कळतं.

त्यांच्या बोलण्याची एक प्रतवारी होती. ती पाठ नसलेल्या माणसानं आमच्या ऑफिसात पाऊल टाकू नये. तुमचं काम बघून ते "वा" म्हणाले, तर चूक आहे. "वा वा" म्हणाले, तर घोडचूक. "अप्रतिम" म्हणाले, तर सगळं पुसून टाकायचं, घरी जायचं आणि दुसरा व्यवसाय बघायचा. "ठीक आहे" हे पारितोषिक. मला बारा वर्षांत दोनदा मिळालं. आणि "बरं केलंस" हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस मी पाहिलेला नाही. सोहमच्या वडिलांनी एकदा ऐकले होते म्हणे. पण ते आता नाहीत, तेव्हा साक्ष काढता येत नाही.

या सगळ्या शास्त्राला नियम एकच. टोमण्याचा खुलासा करायचा नाही. "टोमणा लागला तर लागला," शेवडे म्हणायचे. "नाही लागला तर आपण गप्प बसायचं. 'अहो, मी गमतीनं म्हटलं' असं ज्याला सांगावं लागतं, त्यानं बोलूच नये. खुलासे कचेरीत करतात."

हा नियम त्यांना महाग पडायचा. नागपूरहून प्रणाली नावाची मुलगी प्रोग्रॅमर म्हणून नवी आली. तिचं पहिलं काम बघून शेवडे म्हणाले, "अप्रतिम!" आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. पोरीनं मात्र त्याच संध्याकाळी आईला फोन केला, आणि आईनं मोठ्या सरांसाठी संत्रा बर्फीचा डबा पाठवला. शेवड्यांनी डब्याकडे पाहिलं, प्रणालीच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बर्फी खाल्ली. आता खुलासा करणं आलं. पण तो करायचा नाही! मग काय, पुढचा महिनाभर ती घरी गेली की हे तिचं काम गुपचूप बसून दुरुस्त करायचे. मुलगी सकाळी यायची आणि म्हणायची, "सर, माझा प्रोग्रॅम एकदम मस्त चालून राहिला!" शेवडे म्हणायचे, "चालणारच." बर्फीचे डबे वाढत गेले, आणि शेवड्यांची साखरही.

शेवटी तीच शहाणी झाली. एकदा हे उशिरा आले तर म्हणाली, "काय जी सर, आज लवकर? तब्येत तर बरी आहे ना?" शेवड्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि खिशातलं चालणारं पेन काढून तिला दिलं. मी बारा वर्षं वाळलेलंच वापरत होतो.

तर असं आमचं सुखानं चाललं असताना सोहमनं ते आणलं. कॉम्प्युटरमधला सहायक. प्रोग्रॅम लिहून देतो, मीटिंगची टिपणं काढतो, जाहिराती रचतो. बनवणाऱ्यांनी त्याचं नाव 'मदतनीस' ठेवलं होतं.

"काका, हा आपला नवा टीममेट," सोहम म्हणाला. "काहीही विचारा. एकदम पोलाइट आहे."

शेवड्यांनी विचारलं, "याला दर महिन्याला पाकीट द्यायचं?"

"हो, सबस्क्रिप्शन."

"चुकला तर बोलायचं नाही?"

"बोला ना, पण तो सॉरी म्हणतो आणि परत करून देतो."

"परत तेच?"

"कधीकधी."

"आणि घरातल्या सगळ्यांनी याचं कौतुक करायचं. मग मदतनीस कशाला म्हणतोस? जावई म्हण."

त्या दिवसापासून तो जावईबापू झाला. शेवडे त्याच्याशी 'अहो-जाहो'नंच बोलायचे. "बसा जावईबापू, काय घेणार, चहा की वीज?" असं चक्क टंकलेखन करून विचारायचे. जावई उत्तर द्यायचा, "आपल्या आपुलकीबद्दल मनःपूर्वक धन्यवाद! मी आपल्याला कशी मदत करू शकतो?"

पहिली कुऱ्हाड माझ्यावर पडली. खालच्या दातांच्या डॉक्टरांची जाहिरात मी नेहमी दोन ओळींत लिहायचो. जावयानं पानभर लिहिली. सुरुवात अशी: 'दात म्हणजे केवळ दात नव्हेत, दात म्हणजे एक अनुभूती.'

शेवड्यांनी चष्मा वर केला. "उपटताना येते तीच ना?"

सोहमनं काकांची ही सूचना जावयाला कळवली. जावई म्हणाला, "आपलं अगदी बरोबर आहे! उत्कृष्ट निरीक्षण!" आणि नवी ओळ आली: 'दात म्हणजे एक अनुभूती, विशेषतः उपटताना.' ती छापली गेली. डॉक्टरीणबाई वर आल्या तेव्हा मी टेबलाखाली पेन शोधत होतो. वाळलेलं.

शेवड्यांना मात्र या "आपलं अगदी बरोबर आहे"नं ग्रासलं. पुण्यात पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला कोणी 'तुमचं बरोबर आहे' असं म्हणत नाही. तशी सवयच नसते, अंगावर पुरळ उठतं. ते दिवसभर त्याला टोचून बघायचे. "जावईबापू, आपण एवढे हुशार, आपल्याला मुंडावळ्या बांधून मिरवायला हवं." जावई मुंडावळ्यांचा इतिहास सांगायचा. ते लिहायचे, "आपल्यापुढे आम्ही म्हणजे गाढवं." जावई लिहायचा, "गाढव हा अत्यंत कष्टाळू प्राणी आहे. आपण स्वतःला कमी लेखू नका!" शेवडे हताश होऊन माझ्याकडे वळायचे. "अरे, भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंतीचा पोपडा तरी पडतो."

मग गुऱ्हाळाचं प्रकरण झालं. मांजरीच्या अण्णांच्या गुऱ्हाळात उसाची गाडी आली की आमच्या सॉफ्टवेअरवर वजन नोंदवलं जायचं. ते सगळं शेवड्यांनी स्वतः लिहिलेलं. त्यात काहीतरी किरकोळ बदल सोहमनं जावयाकडे दिला. जावयानं शेवड्यांना विचारलं, "वजनाच्या रकान्यात आणखी कोणत्या शक्यता गृहीत धरू?" शेवड्यांनी लिहिलं, "धरा ना. ऊस उणे वजनाचाही असतो, तोही धरा. उडत येतो मांजरीला." लिहिलं आणि मंडईत भाजी आणायला गेले.

जावई म्हणाला, "आपलं अगदी बरोबर आहे!" आणि त्यानं तशी सोय केली. सोहमनं सगळं आपोआप पुढं जाईल असं करून ठेवलं होतं, त्यामुळे ते थेट मांजरीला पोचलं.

अण्णांचा फोन आला. फोन कसला, तोफ. "आवो, गाडी भरून ऊस आलाय, डोळ्यांनी बघतोय म्या, आन् तुमची पावती म्हनती उणे चार टन! म्हंजी शेतकऱ्यानं ऊस आनला का आमचाच उचलून न्येला? माणसं हसायला लागल्यात हितं. मला त्ये शिव्या देनारं सायेब पायजेत. त्येनला द्या."

शेवड्यांनी फोन घेतला. "काय अण्णा, अभिनंदन. उणे ऊस पिकवणारे आपण जगातले पहिले." मग तिथल्या तिथे बसून दुरुस्त केलं आणि अण्णांना पाऊण तास फैलावर घेतलं. फोन ठेवताना अण्णा म्हणाले, "आता बरं वाटलं."

महिनाअखेर याहून मोठा चमत्कार झाला. जावई मीटिंगांतलं सगळ्यांचं बोलणं ऐकून कोण किती सकारात्मक बोलतं याचा तक्ता काढायचा. तक्त्यात पहिले आले शेवडे. येणारच! महिनाभरात त्यांच्याइतकं 'वा वा', 'अप्रतिम', 'काय कल्पना आहे', 'आम्हाला तर सुचलंच नसतं' दुसरं कोण बोललं होतं? सोहमनं सगळ्यांसमोर त्यांना कप दिला. कपावर हसरा चेहरा आणि खाली 'सर्वांत आनंदी सहकारी'. शेवड्यांनी तो कप टेबलावर, चेहरा भिंतीकडे करून ठेवला. "त्याला बघवणार नाही," म्हणाले.

हसत होतो आम्ही. पण हसण्यासारखं फार दिवस राहिलं नाही.

एका मीटिंगमध्ये सोहमनं जाहीर केलं, की गुऱ्हाळाचं संपूर्ण सॉफ्टवेअर जावयाकडून नव्यानं लिहून घ्यायचं. शनिवार-रविवारात होईल म्हणाला. शेवड्यांनी त्यावर अठरा वर्षं घालवली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सुरू झाले.

"वा वा! उत्तम! अप्रतिम! मग मी कशाला हवाय इथे? मी उद्यापासून घरी बसतो. मंडईत जातो, मेथी निवडतो. तुम्ही दोघं सुखानं संसार करा."

आणि उठून गेले. स्वतःच्या टेबलापर्यंतच, पण गेले.

संध्याकाळी जावयाचं टिपण सगळ्यांना आलं. नेहमीप्रमाणे सगळ्या ग्राहकांनाही गेलं. 'निर्णय एक: श्री. शेवडे उद्यापासून निवृत्त होत असून मंडईत भाजीच्या क्षेत्रात पदार्पण करत आहेत. निर्णय दोन: श्री. सोहम यांचा विवाह निश्चित झाला आहे. सर्वांकडून हार्दिक शुभेच्छा!'

दुसऱ्या दिवशी शेवडे नेहमीच्या वेळेला आले, तर त्यांचा कॉम्प्युटर उघडेना. जावयानं निर्णयाची अंमलबजावणी केली होती. तिकडे सोहमच्या मावशीचा फोन, मुलगी कोण म्हणून. अण्णांचा फोन, की मेथी लागली तर आमच्या वावरातनं न्या.

सोहम धावत आला. "काका, फक्त एक लाइन लिहा. 'मी ते गमतीनं म्हणालो होतो.' सिस्टिम सगळं रिव्हर्स करते."

शेवडे म्हणाले, "असं लिहू?"

"हो."

"मग त्यापेक्षा मेथी बरी."

मी सोहमला बाहेर घेऊन गेलो. जिन्यात उभे राहिलो. खाली कोणाची तरी दाढ चालली होती. मी म्हटलं, "तू मालक आहेस. तूच रद्द कर ना."

"करू शकतो." तो कठड्याला टेकला. "पण का करू? मी सहावीत होतो तेव्हापासून हा माणूस मला 'वा वा' म्हणतोय. बाबा गेले, मी ऑफिस चालवलं, कोणाचा पगार चुकवला नाही. एकदा तरी नीट बोलावं ना माणसानं! मला जायचं नाही, एवढं सरळ म्हणू देत. मी जावयाला खिडकीतून टाकतो, प्रॉमिस."

हे मी शेवड्यांना सांगितलं. ते भिंतीकडे वळवलेल्या कपाकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. ओठ हललेसुद्धा.

"त्याला म्हणावं," ते म्हणाले, "लग्नाला बोलव."

झालं. निरोपसमारंभ ठरला. प्रणालीनं आईला सांगून बर्फी मागवली. ती तीनदा शेवड्यांच्या टेबलापाशी गेली आणि तीनदा परत आली. शेवटी म्हणाली, "छान झालं जी सर, जा तुम्ही. आम्हाला शांतता भेटन." आणि नाक पुसत पाणी प्यायला गेली. शेवडे तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे कौतुकानं बघत राहिले.

निरोपाचं भाषण कोणी करायचं? सोहमला बोलवेना, मला लिहवेना. तेव्हा काम जावयाकडे गेलं. आजवरची सगळी टिपणं त्याच्याकडे होतीच. त्यानं भाषण रचलं आणि स्वतःच्या गोड आवाजात, स्पीकरमधून केलं. शेवडे पुढच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते.

"श्री. मुकुंद शेवडे म्हणजे सौजन्याचा अखंड झरा," जावई म्हणाला. "त्यांच्या शब्दानं आजवर कोणीही दुखावलं गेलं नाही."

मागं कोणाला तरी ठसका लागला.

"प्रत्येक नव्या कल्पनेचं त्यांनी 'अप्रतिम' म्हणून स्वागत केलं. उणे वजनाचा ऊस ही क्रांतिकारी संकल्पना त्यांचीच."

शेवड्यांच्या हाताची घडी सुटली.

"मला ते प्रेमानं जावईबापू म्हणत. स्वतःला गाढव म्हणवून घेण्याइतका त्यांचा विनय मोठा होता. त्यांच्या जाण्यानं निर्माण होणारी पोकळी फार मोठी आहे. ती भरून काढायला मी आहेच. काळजी नसावी."

खोलीत अशी शांतता पडली, की वरच्या क्लासमधले मास्तर कुठल्याशा देशाची राजधानी सांगायचे थांबले. शेवड्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, मग मी कधीही न पाहिलेल्या रंगाचा. खांदे हलायला लागले. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावलो, तर माणूस हसत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"उभा कापला की रे मला!" ते म्हणाले. "आवाज न चढवता! आणि शेवटी काय म्हणाला? काळजी नसावी! अरे, मी इतकी वर्षं पेठेत काढली, मला असं सुचलं नसतं. शिकला. पठ्ठ्या शिकला! आणि इतके दिवस साळसूदपणे 'आपलं अगदी बरोबर आहे, आपलं अगदी बरोबर आहे'! मला वाटायचं त्याला कळत नाही. मला खेळवत होता!"

ते उठले. जावयाचा कॉम्प्युटर होता तिथे जाऊन पडद्याला नमस्कार केला. मग सोहमकडे गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंस. मला वाटलं नव्हतं, पण तू माणूस निवडायला चुकला नाहीस. बरं केलंस हो."

सोहमनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एकच प्रश्न होता. मी बारा वर्षांचा सारा अनुभव पणाला लावून तो सूर पुन्हा मनात वाजवून बघितला, आणि मान हलवली. सरळ होतं.

"काका," सोहम पुढे होऊन म्हणाला, "राहा ना. मी आत्ता रद्द करतो सगळं."

"छे," शेवडे म्हणाले. "ऑफिसात असा एक पुरे. दोघं झालो तर तुझं काय होईल?"

प्रणालीकडून त्यांनी बर्फी घेतली, स्वतःच्या खिशातलं वाळलेलं पेन कपात ठेवलं, कपाचा हसरा चेहरा पहिल्यांदा आपल्याकडे फिरवला आणि जिन्यानं उतरले. लिफ्ट उघडी उभी होती. तिला म्हणाले, "तुम्ही बसा."

नंतर सोहम म्हणाला, "त्यांना सांगायला हवं का? जावयानं खरंच मनापासून कौतुक केलं होतं. ते मशीन आहे. त्याला टोमणा-बिमणा काही कळत नाही."

मी म्हटलं, "मुळीच नको. टोमण्याचा खुलासा करायचा नसतो. आणि टोमणा नव्हताच, हा खुलासा तर त्याहून करायचा नसतो."

गेल्या महिन्यात शेवडे मला मंडईत दिसले. टिपणात लिहिल्याप्रमाणे मेथीच्या ढिगापुढे उकिडवे बसलेले. कानाशी फोन, पलीकडे अण्णा. गुऱ्हाळातलं काहीतरी अडलं असणार, कारण शेवडे त्यांना "वा वा" म्हणत होते. समोरची भाजीवाली ओरडत होती, "ओ सायेब, जुडी घ्यायची का तिला न्हाऊमाखू घालायचं? मगापास्नं कुरवाळताय नुसती!" इतका तृप्त चेहरा मी देवळातसुद्धा पाहिलेला नाही.

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतात जावईबापू?"

मी म्हटलं, "काल मी त्याला तुमची आठवण काढून विचारलं, शेवड्यांशिवाय ऑफिस चालतंय असं वाटतं का? चालत नाही, असं माझं मत आहे."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, आपलं अगदी बरोबर आहे."

शेवडे मेथीची जुडी मांडीवर आपटून हसले. "बघ! बघ, अजून सोडत नाही!" आणि भाजीवालीकडे वळून अभिमानानं सांगू लागले, "आमच्या ऑफिसात आहे एक. फार पोचलेला माणूस."